रेगेन्सबुर्गचा अर्धा दिवस : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

डॅन्यूब नदीवरील क्रूझविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांत एका गावाचे नाव वारंवार आले आहे. न्युरेंबर्गहून निघून पासाउ, व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा करीत बुडापेस्टला जाणारी, किंवा उलट दिशेने येणारी, बहुतेक जहाजे जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातील रेगेन्सबुर्ग येथे थांबतात आणि हा थांबा बहुधा अर्ध्या दिवसाचाच असतो. व्हिएन्ना आणि बुडापेस्ट यांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे; या गावाविषयी फारसे वाचायला मिळत नाही. म्हणून या अंकात केवळ रेगेन्सबुर्गसंबंधीची पत्रे घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघेही साठीच्या पुढचे आहोत. आमचे जहाज सकाळी नऊच्या सुमारास रेगेन्सबुर्गला लागते आणि दुपारी तीन वाजता सुटते. गाइडबरोबरची दीड तासाची पायी सहल तिकिटातच धरलेली आहे. टूर कंपनीच्या पत्रकात शहरातील चौदा प्रेक्षणीय स्थळे दिली आहेत. उरलेल्या वेळात त्यांपैकी काय पाहावे? (ठाणे)

उत्तर : चौदांपैकी दहा नावांवर आताच काट मारावी. रेगेन्सबुर्गचे जुने शहर आटोपशीर आहे. नदीकाठ, कॅथेड्रल, नगरभवन आणि पुन्हा पूल असा फेरा पायी सहज होतो, आणि लोक फसतात ते नेमके यामुळेच. सगळेच जवळ असल्यामुळे सगळेच पाहून होईल असे वाटू लागते. मग प्रत्येक वास्तूच्या दाराशी एकेक छायाचित्र काढून मंडळी जहाजावर परततात आणि आत काय होते ते कोणालाच सांगता येत नाही. आमच्या मते या शहरात जुना दगडी पूल आणि कॅथेड्रल या दोनच गोष्टी नीट पाहाव्यात, वेळ उरलाच तर तिसरी म्हणून जुने नगरभवन घ्यावे, आणि बाकीचे चालता चालता जे दिसेल ते पाहावे.

सुरुवात पुलापासून करावी, कारण हे शहर येथे का वसले आणि श्रीमंत का झाले याचे उत्तर तेथे उभे राहिल्यावर समजते. डॅन्यूब या ठिकाणी आपल्या साऱ्या प्रवासातील सर्वांत उत्तरेकडचा टप्पा गाठते. नाब आणि रेगेन या दोन नद्या तिला येथेच येऊन मिळतात. इसवी सन १७९ मध्ये, मार्कस ऑरेलियस या रोमन सम्राटाच्या काळात, साम्राज्याच्या सीमेवर सुमारे सहा हजार सैनिकांची छावणी येथे बांधून पूर्ण झाली, ती नदीपलीकडच्या टोळ्यांवर नजर ठेवण्यासाठी. मध्ययुगात हीच सीमेची नदी व्यापाराची वाट बनली. पूल ११३५ साली बांधायला घेतला आणि ११४६ च्या सुमारास पुरा झाला. प्रागच्या ज्या चार्ल्स पुलाची छायाचित्रे आपण कॅलेंडरांवर पाहतो, त्याच्या पायाभरणीला तेव्हा आणखी दोन शतके अवकाश होता. पुढील कित्येक शतके या परिसरात डॅन्यूब ओलांडण्याचा हाच एक पक्का मार्ग होता, त्यामुळे उत्तर-दक्षिण व्यापार रेगेन्सबुर्गला टाळून जाऊ शकत नव्हता. ११४७ साली दुसऱ्या धर्मयुद्धाच्या, म्हणजे जेरुसलेमसाठीच्या ख्रिस्ती मोहिमेच्या, आणि ११८९ साली जर्मन सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाच्या फौजा याच शहरातून पूर्वेकडे निघाल्या.

पुलाच्या मध्यापर्यंत जाऊन पूर्वेकडच्या कठड्यावरून खाली पाहावे. सुमारे तीनशे मीटर लांबीच्या या पुलाच्या प्रत्येक खांबाभोवती होडीच्या आकाराचे एकेक दगडी बेट आहे. प्रवाहाने खांबांचा पाया उकरू नये म्हणून ही बेटे घातली. पण त्यांनी पात्राचा बराच भाग अडवल्यामुळे पाणी कमानींच्या अरुंद वाटांतून जोराने निसटते आणि पलीकडे बाहेर पडताच गोल गोल भोवरे धरते. पृष्ठभाग एका ठिकाणी काचेसारखा गुळगुळीत, तर हातभर अंतरावर उकळत असल्यासारखा दिसतो. जुन्या काळी प्रवाहाविरुद्ध येणाऱ्या नावा येथून ओढून काढणे हे जिवावरचे काम असे. आजही आपली क्रूझ-जहाजे या कमानींखालून जात नाहीत. पश्चिमेकडून येणारे जहाज उत्तरेकडील कालव्यातून आणि तेथील लॉकमधून (पाणी कमीजास्त करून जहाज वरखाली नेणाऱ्या दारांच्या हौदातून) पुलाला वळसा घालून येते, आणि म्हणूनच जहाजे बहुधा पुलाच्या पूर्वेच्या काठाला लागतात.

पुलावरच एक छोटी दगडी मूर्ती आहे. छपरावर बसलेला एक उघडा मनुष्य डोळ्यांवर हात धरून कॅथेड्रलकडे पाहत आहे. गाइड हमखास सांगतो ती कथा अशी : पूल बांधणारा आणि कॅथेड्रल बांधणारा यांच्यात पैज लागली, पूल बांधणाऱ्याने सैतानाची मदत घेतली, मोबदल्यात पुलावरून प्रथम जाणारे जीव देण्याचे कबूल केले आणि काम झाल्यावर कोंबडा, कोंबडी व कुत्रा पुढे सोडून सैतानाला चकवले. कथा रंगतदार आहे. मात्र पूल पुरा होऊन सव्वाशे वर्षे उलटल्यानंतर आजच्या कॅथेड्रलची पायाभरणी झाली, त्यामुळे या पैजेत दुसरा पैजकरी हजर असण्याची शक्यता नव्हती.

शहराच्या बाजूला पुलाच्या दरवाजाला लागूनच उंच, उतरत्या छपराची एक भलीमोठी इमारत आहे. हे १६१६ ते १६२० या काळात बांधलेले मिठाचे कोठार. आल्प्सच्या पायथ्याकडील मीठ नावांतून येथवर येई आणि या कोठारात साठवले जाई. रेगेन्सबुर्गचे जुने शहर आणि पलीकडच्या तीरावरील श्टाटआमहोफ यांना २००६ साली जागतिक वारसास्थळांच्या यादीत स्थान मिळाले. त्याविषयीचे माहितीकेंद्र आता या कोठारात आहे. तेथील शहराचा नमुना पाच मिनिटे पाहून मग गल्ल्यांत शिरावे, म्हणजे दिशा चुकत नाही.

कॅथेड्रलविषयी एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. जहाजाचा गाइड पुष्कळदा बाहेरच्या चौकात उभे राहूनच माहिती सांगतो आणि गट पुढे नेतो. आपण सहल संपल्यावर परत येऊन आत जावे. सेंट पीटरचे हे कॅथेड्रल १२७३ च्या आगीनंतर बांधायला घेतले गेले, आणि त्याचे दोन्ही सुळके १०५ मीटर उंचीपर्यंत चढून पूर्ण झाले ते १८६९ साली. बाहेरच्या उजेडातून आत आल्यावर पहिली दोन मिनिटे काहीच दिसत नाही. घाई करू नये, एखाद्या बाकावर बसावे. डोळे सरावले की तेराव्या-चौदाव्या शतकांतील रंगीत काचा हळूहळू उजळू लागतात. मग मधल्या दोन खांबांकडे जावे. एका खांबावर मेरी आहे आणि समोरच्या खांबावर तिला पुत्रजन्माची वार्ता सांगणारा देवदूत गॅब्रिएल. सुमारे १२८० मधील हा देवदूत तोंडभर हसतो आहे. गोड बातमी घेऊन आलेल्या माणसाला ती सांगण्याची जी उतावीळ असते, ती या चेहऱ्यावर स्पष्ट दिसते. त्या काळच्या मूर्तींत असा मोकळा हसरा चेहरा क्वचितच आढळतो. वर पाहिल्यास २००९ साली बसवलेला ऑर्गन दिसेल. सुमारे ३७ टनांचे हे वाद्य जमिनीवर टेकलेले नाही. चार पोलादी दोरांवर ते अधांतरी टांगलेले आहे.

आपला थांबा रविवारी येत असेल तर सकाळच्या मिस्साची, म्हणजे सामुदायिक उपासनेची, वेळ आधी पाहून ठेवावी. येथील मुलांच्या गायनपथकाचा इतिहास दहाव्या शतकातील शाळेपर्यंत मागे जातो, आणि शाळेला सुट्टी नसताना रविवारच्या उपासनेत त्याचे गायन होते. अर्थात त्या वेळी फिरून पाहण्याची आणि छायाचित्रे काढण्याची मुभा नसते, हे लक्षात ठेवावे.

कॅथेड्रलच्या उत्तरेस, नदीच्या बाजूच्या गल्लीत, रोमन छावणीच्या उत्तर दरवाजाचा उरलेला भाग एका पांढऱ्या इमारतीच्या भिंतीत अडकून उभा आहे. चुना न वापरता एकावर एक रचलेले प्रचंड दगड, एक कमान आणि एक बुरूज एवढेच दिसते, आणि ते पाहण्यास तिकीट नाही. आल्प्सच्या उत्तरेस रोमन दरवाजे उभे राहिलेले फारच थोडे. जर्मनीतीलच ट्रिअर शहराचा दरवाजा त्यांपैकी प्रसिद्ध, हा दुसरा. शतकानुशतके तो इतर बांधकामांत गडप झाला होता आणि १८८५ साली पुन्हा उजेडात आला.

एवढे झाल्यावर तासभर शिल्लक असेल तर जुने नगरभवन. पवित्र रोमन साम्राज्याची, म्हणजे जर्मन राज्यांना एका सम्राटाखाली जोडणाऱ्या जुन्या साम्राज्याची, सभा १६६३ पासून साम्राज्य संपेपर्यंत, म्हणजे १८०६ पर्यंत, येथे अखंड भरत असे. ते सभागृह आणि तळघरातील चौकशीची, खरे तर छळाची, कोठडी दोन्ही पाहता येतात, मात्र केवळ तेथील मार्गदर्शकाबरोबर आणि ठरलेल्या वेळी. पर्यटक माहिती कार्यालय त्याच इमारतीत आहे. सकाळी तेथून जाताना इंग्रजी फेरीची वेळ विचारून ठेवावी, आणि ती जमत नसेल तर हळहळत न बसता पुलावर परत जावे.

प्रश्न : युरोपातील पुष्कळ 'जुनी' शहरे दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा बांधलेली आहेत असे वाचले आहे. रेगेन्सबुर्ग खरोखर जुने आहे का? (नागपूर, निवृत्त इतिहास-शिक्षक)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. क्रूझचा आरंभ जेथून होतो त्या न्युरेंबर्गचे जुने शहर जानेवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात बहुतांश उद्ध्वस्त झाले आणि आज दिसणारे बरेचसे नंतर उभारलेले आहे. रेगेन्सबुर्गचे तसे झाले नाही. येथे मेसरश्मिट या जर्मन लढाऊ विमानांचा कारखाना होता आणि १७ ऑगस्ट १९४३ रोजी अमेरिकी विमानांनी त्यावर मोठा हल्ला केला. परंतु कारखाना शहराच्या पश्चिमेस होता आणि जुना गाभा पुष्कळसा वाचला. दगडी पुलाचा काही भाग मात्र एप्रिल १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने स्वतःच उडवला. तो युद्धानंतर दुरुस्त झाला आणि २०१० ते २०१८ या काळात साऱ्या पुलाची मोठी डागडुजी झाली.

त्यामुळे येथे गल्लीतून चालताना वर पाहिले की जे उंच चौकोनी मनोरे दिसतात ते अस्सल मध्ययुगीन आहेत. व्हेनिसशी व्यापार करून गबर झालेल्या घराण्यांनी ते बांधले. संरक्षणाचा उपयोग नाममात्रच होता. शेजाऱ्यापेक्षा आपला मनोरा उंच असावा हाच खरा हेतू. वालेनश्ट्रासे या गल्लीतील 'सोनेरी मनोरा' सुमारे ५० मीटर उंच आहे आणि खाली उभे राहून तो पुरता दिसतही नाही, इतकी गल्ली अरुंद.

आपण इतिहासाचे शिक्षक आहात म्हणून आणखी एक जागा सुचवतो, जी घाईच्या सहलीत केवळ एक मोकळा चौक म्हणून मागे पडते. नॉयफार-प्लात्स या चौकाच्या जागी १५१९ पर्यंत ज्यू वस्ती होती. त्या वर्षी जानेवारीत सम्राट माक्सिमिलियन मरण पावला, ज्यूंना असलेला त्याचा आश्रय संपला, आणि नगरपरिषदेने काही आठवड्यांतच त्यांना शहराबाहेर काढून वस्ती व सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) जमीनदोस्त केले. कबरस्तानातील दगड लोकांनी घरांच्या भिंतींत बसवले. काही आजही शहरात दिसतात. आल्ब्रेख्ट आल्टडोर्फर हा थोर चित्रकार त्या परिषदेचा सभासद होता, आणि पाडण्यापूर्वी सिनेगॉगचा अंतर्भाग त्यानेच चितारून ठेवला. त्या वास्तूचे रूप आपल्याला ज्या चित्रांतून कळते ती पाडणाऱ्यांपैकीच एकाच्या हातची आहेत. १९९० च्या दशकातील उत्खननात पाया सापडला आणि २००५ साली इस्रायली शिल्पकार दानी कारावान यांनी त्याच आराखड्याबरहुकूम पांढऱ्या काँक्रीटचे एक ठेंगणे शिल्प तेथे घडवले. खांबांच्या जागी बुटक्या चकत्या आहेत. मुले त्यांवर उड्या मारतात, माणसे आइस्क्रीम खात बसतात. शिल्पकाराला लोकांनी येथे एकत्र यावे असेच वाटत होते. बॉम्बमधून वाचलेल्या शहरात जे सर्वांत मोठे जाणूनबुजून केलेले विध्वंसकार्य झाले ते स्वतःच्या नागरिकांकडून, आणि युद्धाच्या कितीतरी आधी, एवढे आपल्या प्रश्नाच्या उत्तरात जोडणे आवश्यक वाटते.

प्रश्न : मी टपाल खात्यातून निवृत्त झालो आहे. रेगेन्सबुर्गचा टपालाशी काही संबंध आहे असे मुलगा म्हणतो. काय पाहता येईल? (सातारा)

उत्तर : आपल्यासाठी आम्ही वरील यादी बदलू. नगरभवन वगळून थुर्न उंड टॅक्सिस घराण्याच्या राजवाड्याकडे जावे. मूळचे इटलीतील हे घराणे पंधराव्या शतकाच्या अखेरीस सम्राट माक्सिमिलियनच्या सेवेत आले आणि या घराण्याने ठरावीक अंतरावर घोडे व स्वार बदलण्याच्या चौक्या बसवून युरोपभर टपालाचे जाळे विणले. आपल्याकडच्या डाकचौक्यांची पद्धत ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही व्यवस्था समजावून सांगावी लागणार नाही. साम्राज्याचे टपाल पिढ्यान्‌पिढ्या याच घराण्याकडे राहिले. १७४८ मध्ये साम्राज्यसभेतील सम्राटाचे प्रतिनिधी म्हणून त्यांचा मुक्काम रेगेन्सबुर्गला आला. पुढे बव्हेरियाने आपल्या मुलखातील टपाल ताब्यात घेतले आणि भरपाई म्हणून १८१२ साली सेंट एमेरामचा प्राचीन मठ त्यांना दिला. तोच आजचा राजवाडा. इतरत्र त्यांची खाजगी टपालसेवा १८६७ पर्यंत चालू होती, त्या वर्षी ती प्रशिया या जर्मन राज्याकडे गेली.

राजवाडा मार्गदर्शकाबरोबरच पाहता येतो आणि त्यास दीड तास तरी धरावा. वेळ तेवढा नसेल तर लगतच्या सेंट एमेराम चर्चमध्ये डोकवावे. आझाम बंधूंनी अठराव्या शतकात सजवलेले ते छत पाहण्यासाठी मान दुखेपर्यंत वर पाहावे लागते.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत, अंडेही खात नाही. पुलाजवळील प्रसिद्ध जुन्या उपाहारगृहात आम्हांला काही मिळेल का? (पुणे)

उत्तर : पुलाच्या शेजारचे ते छोटेसे घर सॉसेजसाठी प्रसिद्ध आहे. निखाऱ्यांवर भाजलेली बोटभर डुकराची सॉसेजेस, आंबवलेला कोबी आणि गोडसर मोहरी, एवढ्यावर ते शतकानुशतके चालले आहे. आपल्यासाठी तेथे पाहण्यासारखे आहे ते भिंतीवर : वेगवेगळ्या वर्षांच्या पुरात पाणी कोठवर आले त्याच्या खुणा कोरलेल्या आहेत. जेवण मात्र अन्यत्र करावे. कोबी निरुपद्रवी वाटतो, परंतु तो पुष्कळदा डुकराच्या चरबीत शिजवलेला असतो. बव्हेरियन बटाट्याच्या कोशिंबिरीत मांसाचे सूप घालण्याची रीत आहे. शाकाहारी म्हणून सुचवला जाणारा चीजचा श्पेट्सले हा पदार्थ अंडे घातलेल्या पिठाचा असतो. ब्रेत्सेलच्या (गाठीच्या आकाराच्या पावाच्या) पिठातही कधी कधी चरबी असते, तेव्हा विचारून घ्यावे. नुसते 'व्हेज' म्हटल्यास अंडे आणि मासे चालतात असे समजले जाण्याचा संभव असल्याने 'मांस नको, मासे नकोत, अंडे नको, चरबी नको' असे चार शब्द जर्मनमध्ये कागदावर लिहून जवळ ठेवावेत आणि तो कागद सरळ पुढे करावा.

व्यवहार्य उपाय असा की जुन्या शहरात इटालियन उपाहारगृहे बरीच आहेत. तेथे टोमॅटोची साधी पिझ्झा मागता येते. दुपारचे जेवण जहाजावर घ्यायचे असेल तर आपल्या अटी आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवाव्यात आणि पहिल्या संध्याकाळी मुख्य वाढप्याला पुन्हा सांगाव्यात. रविवारी जर्मनीत दुकाने आणि सुपरमार्केट बंद असतात. दही किंवा फळे घ्यायची तर शनिवारीच घ्यावीत.

प्रश्न : आईचे गुडघे दुखतात. तिला पायी सहल झेपेल का? (कोल्हापूर)

उत्तर : जहाजापासून पुलापर्यंतचा काठावरचा रस्ता सपाट आहे. पुलाला चढ आहे, पण सौम्य. डागडुजीनंतर त्याची फरसबंदीही समतल झाली आहे. त्रास होतो तो गल्ल्यांतील गोट्यांच्या फरशीचा, विशेषतः पावसात. जाड आणि खडबडीत तळाचे बूट घालावेत, चपला नकोत. कंपन्या पुष्कळदा सावकाश चालणाऱ्यांचा वेगळा गट काढतात, त्याची आदल्या रात्रीच नोंद करावी. खरी अडचण पुष्कळांच्या लक्षात येत नाही ती धक्क्यावरची : गर्दीच्या हंगामात दोन-तीन जहाजे एकमेकांना बांधून उभी करतात आणि आपल्याला दुसऱ्या जहाजाच्या डेकवरून, कधी जिना चढून-उतरून, काठावर जावे लागते. तसे असल्यास आईंनी एकदाच उतरावे आणि एकदाच परत यावे, मध्ये फेऱ्या करू नयेत.

प्रश्न : मुलगी दहावीत आहे आणि केप्लरचे नियम नुकतेच शिकली आहे. त्याचे घर रेगेन्सबुर्गला आहे का? (नाशिक)

उत्तर : योहानेस केप्लर येथे मरण पावला. आपल्या राज्याच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात गुरुत्वाकर्षणाच्या पाठात त्याचे जे तीन नियम आहेत, त्यांपैकी पहिले दोन त्याने १६०९ मध्ये, प्रागला असताना, आणि तिसरा १६१९ मध्ये, लिंट्सला असताना, प्रसिद्ध केला. लिंट्सही डॅन्यूबवरच आहे आणि आपले जहाज बहुधा तेथून जाईल. १६२६ मध्ये धार्मिक छळामुळे लिंट्स सोडून तो कुटुंबासह नावेने नदीतून वर निघाला. हिवाळ्यात पाणी गोठल्यामुळे बायको-मुलांना रेगेन्सबुर्गला ठेवून, आपले ग्रहांचे कोष्टक छापून घेण्यासाठी तो खुष्कीने उल्मला गेला. १६३० च्या शरद ऋतूत तो पुन्हा येथे आला, तो सम्राटाकडील थकलेला पगार वसूल करण्यासाठी. पैसे मिळाले नाहीत. ताप भरला आणि १५ नोव्हेंबर १६३० रोजी तो गेला. ज्या कबरस्तानात त्याला पुरले ते तीस वर्षांच्या युद्धात नष्ट झाले, त्यामुळे कबर दाखवता येत नाही.

ज्या घरात त्याचे निधन झाले ते आता त्याच्याच नावाच्या गल्लीत, नगरभवनापासून काही मिनिटांवर आहे. ते आतून पाहता येईल की नाही, आणि कोणत्या वेळी, हे नगरभवनातील पर्यटक माहिती कार्यालयात विचारावे. रेल्वे स्थानकाकडील बागेत १८०८ साली उभारलेले त्याचे स्मारकही आहे, गोल खांबांच्या छोट्या मंडपात बसवलेला अर्धपुतळा. मुलीला तेथवर चालवावे किंवा नाही हे तिच्या उत्साहावर सोडावे. घराची पाटी मात्र तिला जरूर दाखवावी.

प्रश्न : जहाजावर वालहाला स्मारकाची बसने जादा सहल विकली जाते. पैसे भरावेत का? (मुंबई)

उत्तर : ज्यांनी रेगेन्सबुर्ग आधी पाहिले आहे त्यांनी भरावेत. इतरांनी भरू नयेत, कारण तेवढा वेळ शहरातून वजा होतो. बव्हेरियाचा राजा लुडविग पहिला याने लिओ फॉन क्लेंत्से या वास्तुशिल्पीकडून १८३० ते १८४२ या काळात हे ग्रीक धर्तीचे मंदिर बांधून घेतले आणि आत जर्मनभाषक थोरांचे अर्धपुतळे बसवले. टेकडीवरील ते पांढरे खांब नदीतूनच अधिक शोभून दिसावेत अशी त्याची जागा आहे. आपले जहाज पासाउकडे निघाले आणि उजेड असला तर डेकवर डाव्या बाजूस उभे राहावे. डोनाउश्टाउफ गावानंतर ते आपोआप समोर येते.

प्रश्न : नदीत पाणी कमी असले तर जहाज रद्द होते आणि बसने फिरवतात, असे एका परिचितांनी सांगितले. हे खरे का? आणि शहरात फिरताना जहाज चुकले तर काय करावे? (ठाण्याचेच दुसरे वाचक)

उत्तर : खरे आहे. डॅन्यूबच्या या पट्ट्यात बहुतेक ठिकाणी बंधारे व लॉक असल्याने पाण्याची पातळी राखली जाते. पण रेगेन्सबुर्गच्या खाली श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा सुमारे ७० किलोमीटरचा टप्पा मोकळा वाहतो. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि शरदात पाऊस कमी झाला की जहाजे अडतात ती येथेच. उलट पूर आल्यास पुलांखालून जाण्याइतकी उंची उरत नाही आणि लॉक बंद होतात. जून २०१३ मध्ये पासाउला पाण्याने १२.८९ मीटरची पातळी गाठली होती. अशा वेळी कंपन्या पुष्कळदा अडलेल्या टप्प्याच्या दोन्ही बाजूंच्या जहाजांतील प्रवाशांची अदलाबदल करतात, म्हणजे बसने पलीकडे नेऊन तशाच दुसऱ्या जहाजावर चढवतात. त्या दिवशी रेगेन्सबुर्गचा वेळ दोन तासांवर येऊ शकतो. तसे झाले तर गाइडची सहल सोडून थेट पूल आणि कॅथेड्रल गाठावे. सामान आटोपशीर ठेवावे, औषधे हातातील पिशवीत असावीत, आणि अशा बदलासाठी भरपाई मिळते की नाही ते पैसे भरण्यापूर्वी करारात वाचावे.

जहाज चुकण्याविषयी : उतरताना मिळणारे कार्ड आणि त्या दिवसाचे छापील पत्रक खिशात असू द्यावे, त्यावर जहाजाचा दूरध्वनी असतो. परतण्याची वेळ सुटण्याच्या वेळेच्या अर्धा तास आधीची असते, तीच खरी मानावी. तरीही जहाज गेलेच, तर आधी दूरध्वनी करून पुढचा थांबा विचारावा आणि जुन्या शहराच्या दक्षिणेस, माक्सिमिलियनश्ट्रासेच्या टोकाला असलेले मुख्य रेल्वे स्थानक गाठावे. पासाउची थेट गाडी तासा-सव्वातासात पोहोचवते आणि जहाजाला तेच अंतर कापायला कितीतरी अधिक वेळ लागतो, त्यामुळे आपण त्याच्या आधी धक्क्यावर असाल. पासपोर्ट मात्र जहाजाच्या कचेरीत जमा असतो, म्हणून त्याची एक छायाप्रत जवळ बाळगावी.